बुरशीचा जाहीर सत्कार

बुडूक.

मुलांनो, हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. तेव्हा मी तुमच्याएवढा होतो आणि जंगलाच्या कडेनं गुरं वळत होतो. ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीमागून, जिथं ऊन कधीच पोचत नाही तिथून, तो यायचा. एकदा बुडूक झालं की बराच वेळ काही नाही. वाटायचं, संपलं. तेवढ्यात पुन्हा बुडूक. पाण्याखाली बसून कुणीतरी हळूच हसतंय, असा तो आवाज होता.

तो कशाचा होता ते सांगतो. पण सावकाश सांगीन. मला घाईनं सांगता येत नाही.

एका जंगलात एक विहीर होती. ती कुणी खोदली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून प्रत्येक प्राणी सांगायचा, आमच्या आजोबांनी खोदली.

विहिरीवर रहाट होता. रहाट म्हणजे मोठं चाक आणि त्यावर गाडग्यांची माळ. चाक फिरलं की गाडगी खाली जातात, भरून वर येतात, कुंडीत रिकामी होतात. पण चाक आपोआप फिरत नाही. कुणाला तरी जू खांद्यावर घेऊन गोल गोल चालावं लागतं.

त्या जंगलात गोल गोल चालायचं काम दगडू गव्याकडे होतं. काळा, डोंगराएवढा, आणि स्वभावानं गाईहून गरीब. होळी झाली की नाले आटायचे. तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत सगळं जंगल त्या एका कुंडीचं पाणी प्यायचं. सगळे त्याला दगडूमामा म्हणत. म्हणजे पाणी पिताना म्हणत. एरवी फारसं कुणी काही म्हणत नसे.

मामाचा खांदा जुवाखाली सोलवटला होता. दर पावसाळ्यात खपली धरायची आणि दर उन्हाळ्यात निघायची. त्या वर्षी जखम फारच खोल गेली.

साळूआजी रोज संध्याकाळी ती जखम बघायला यायची. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर लांब काटे, तोंडात एकही दात नाही.

"दगडू, तुझा खांदा हा उन्हाळा काढणार नाही," ती म्हणाली.

"काढायला हवा, आजी. हरणांची पिल्लं लहान आहेत."

"मी टेकू दिला असता रे तुला. पण मला टेकलास तर आहे ती जखम बरी म्हणशील."

मामा हसला. गवा हसला की कळत नाही, पण आजीला कळायचं.

आता आजीच्या जेवणाचं सांगतो. त्या जंगलात करांदे खूप. करांदे म्हणजे वेलीला लागणारे बटाट्यासारखे कंद. चवीला कडवट, म्हणून कुणी खात नसे. आजी ते गरम पाण्याच्या झऱ्यात मऊ करायची, पाणी बदलून कडवटपणा घालवायची, आणि त्यांचा लगदा उंबराच्या एका पोकळ ओंडक्यात भरून ठेवायची. दात नसले की असं करावं लागतं.

एकदा लेकीचं बाळंतपण आलं. आजी लगदा तसाच टाकून डोंगरापलीकडे गेली. दहा दिवसांनी परत आली, तर लगद्यावर पांढरी लव उगवलेली. म्हाताऱ्याच्या गालावर आठवड्याची दाढी असावी तशी. बुरशी होती ती.

दुसऱ्या कुणी नाक दाबून फेकून दिलं असतं. पण बिनदाताचं माणूस मऊ अन्न सहसा फेकत नाही. आजीनं थोडं चाटून पाहिलं.

गोड!

मुलांनो, पीठ म्हणजे साखरेच्या मण्यांची फार लांब, फार घट्ट माळ असते. माळ अख्खी असली की जिभेला गोडी लागत नाही. बुरशीच्या अंगातून एक रस सुटतो. शिकलेले लोक त्याला विकर म्हणतात. तो रस ती माळ तोडतो आणि मणी सुटे करतो. सुटा मणी म्हणजे साखर. हे सगळं ती अंधारात, न बोलता करते. मला हे एका शहाण्या माणसानं सांगितलं. तेव्हापासून मी शिळ्या भाकरीकडेही आदरानं बघतो. खात नाही, बघतो.

आजीनं कोंडाबाई अस्वलीण हिला बोलावलं. गोडाच्या बाबतीत त्या जंगलात कोंडाबाईचा शब्द शेवटचा.

कोंडाबाईनं पंजा बुडवून चाटला. मग दुसरा बुडवला.

"आजी, यात मोहाची फुलं घातलीत?"

"नाही ग."

"मग मध?"

"मध मिळाला असता तर तुला बोलावलं असतं का मी?"

कोंडाबाईला ते पटलं. ती म्हणाली, "मोह फुलतो पंधरा-वीस दिवस. मग वर्षभर मी नुसती वास काढत फिरते. तुमचे करांदे तर जिथं बघावं तिथं. थोडं द्या मला मडक्यात."

तिचं मडकं मोहाच्या फुलांनी मुरलेलं होतं. त्यात तो गोड लगदा आणि पाणी पडलं, आणि दुसऱ्या दिवशी मडकं बोलायला लागलं.

बुडूक.

मग कोंडाबाईनं ते मडकं झऱ्याच्या उकळत्या तोंडावर ठेवलं, त्याला वेळूची नळी लावली, आणि थेंब थेंब वाटीत गोळा केला. वास असा सुटला की तीन वटवाघळं झाडावरून सरळ लटकायला लागली. कोंडाबाई वाटी तोंडाला लावणार, एवढ्यात आजीनं तिचा पंजा धरला.

"थांब. असाच झोंबरा वास त्या इंजिनाच्या टाकीला यायचा. हे तुझ्यापेक्षा त्यालाच जास्त लागू पडेल."

इंजिनाची गोष्ट अशी. फार पूर्वी लाकूडतोडे आले होते. जाताना विहिरीपाशी एक पाण्याचं इंजिन टाकून गेले. हुप्प्या माकडानं ते लोक इंजिन चालवताना झाडावरून पाहिलं होतं. तेवढ्यावर तो स्वतःला मिस्त्री म्हणवून घेई. दोरी ओढायची त्याला पक्की ठाऊक होती. आत काय ओतायचं ते मात्र ठाऊक नव्हतं. त्यानं ओढ्याचं पाणी घालून पाहिलं होतं. आंब्याचा रस घालून पाहिला होता.

आजीनं वाटी दिली. हुप्प्यानं ओतली, दोरीला झोंबला, ओढली.

इंजिन खोकलं. मग टुक म्हणालं. मग टुक टुक टुक टुक. आणि नळीतून कुंडीत पाण्याची जाड धार पडली.

सगळं जंगल नाचलं. दगडूमामा तेवढा रहाटाभोवती फिरतच होता.

"अरे थांब! पाणी येतंय!" आजी ओरडली.

"हो, आजी," मामा म्हणाला, आणि आणखी दोन फेऱ्या फिरला. इतक्या वर्षांत त्याला कुणी थांब म्हटलंच नव्हतं. पाय थांबवायचे कसे ते पायांना समजेना. शेवटी कोंडाबाईनं जू काढलं. मामा जागच्या जागी उभा राहिला, आणि मान हलवून रिकामा खांदा बघत राहिला.

महिन्याभरात खांद्यावर खपली धरली. भर उन्हाळ्यात! एक साळुंकी तिथं येऊन बसायला लागली. मामा ती उडू नये म्हणून श्वासदेखील बेतानं घ्यायचा.

आजीचं काम वाढलं होतं, पण ती खूश होती. रोज ताजा लगदा भरायचा. त्यात शिळा थोडा मिसळायचा, दुधाला विरजण लावतात तसा. ढवळायला तिच्याकडे पळी नव्हती. ती ओंडक्याकडे पाठ करायची आणि शेपटाकडचे लांब काटे आत घालून अंग घुसळायची. बघणाऱ्याला हसू यायचं. आजीही हसायची. बुरशीला लागायचा अंधार, आणि ओल. याहून तिचं काही मागणं नव्हतं.

इथंच गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं. पण त्या जंगलात एक समिती होती.

समितीचा चिटणीस होता कोल्हा. त्यानं ठरवलं, एवढं मोठं काम झालं, सत्कार व्हायला हवेत. सिंहमहाराजांचा सत्कार झाला, कारण त्यांच्या राज्यात हे घडलं. कोल्ह्याचा झाला, कारण सत्काराची कल्पना त्याची. हुप्प्याचा झाला दोरीबद्दल. कोंडाबाईला नारळ घरपोच पाठवला, कारण तिच्या अंगाला वास येतो असं समितीचं मत पडलं.

टाळ्या झाल्या. सगळे उठणार, एवढ्यात दगडूमामा म्हणाला,

"एक राहिलं."

सगळे दचकले. मामाचा आवाज सभेत पहिल्यांदाच ऐकू येत होता.

"काय राहिलं?" कोल्ह्यानं विचारलं.

"ती बुरशी. पीठ गोड केलं ते तिनं. माझा खांदा वाचला तो तिच्यामुळे. तिला कुणी काही म्हटलंच नाही. मला तिचे आभार मानायचे होते. एवढंच."

मुलांनो, तुम्हाला मामाचं म्हणणं पटलं ना? मलाही पटतं. इतकं चांगलं बोलणं त्या सभेत कधी झालं नव्हतं. कोल्ह्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

"अन्याय!" तो म्हणाला. "केवढा अन्याय झाला आपल्या हातून! तळागाळातली कार्यकर्ती! तिचा जाहीर सत्कार झालाच पाहिजे."

साळूआजी गडबडीनं पुढं आली. "अहो चिटणीस, तिला नको आहे."

"आजी, सगळे आधी नकोच म्हणतात. मी स्वतः तीनदा नको म्हटलं होतं."

"तिला ऊन सोसत नाही हो."

"मानाचं ऊन सोसतं."

"तिला तोंडसुद्धा नाही!"

"मग तर फारच छान," कोल्हा म्हणाला. "भाषण लांबणार नाही."

मामा आजीकडे वळून हळूच म्हणाला, "आजी, माझं काही चुकलं का?"

आजीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा इतका आनंदी होता की तिला हो म्हणवेना.

वैशाखातला दिवस ठरला. वेळ दुपारची, कारण महाराज सकाळी झोपतात आणि संध्याकाळी शिकारीला जातात. जागा माळावरची, कारण झाडीत मागच्यांना दिसत नाही.

सकाळीच हुप्प्याची माणसं, म्हणजे माकडं, ओंडक्यापाशी आली. सत्कारमूर्तीचं घर असं कळकट? लोक काय म्हणतील? त्यांनी लगद्यासकट सगळी बुरशी खरवडून एका पत्रावळीवर काढली. ओंडका राखेनं घासला, रिठ्यानं धुतला, आणि आतून बाहेरून चुना फासला. दारात रांगोळी घातली. ओंडका इतका सुंदर दिसायला लागला की त्यात राहावं असं कुणालाही वाटेना.

पत्रावळ व्यासपीठाच्या मधोमध ठेवली. सत्कारमूर्तीनं वेळेवर यायचं असतं, म्हणून ती वेळेवर होती. प्रमुख पाहुण्यांनी उशिरा यायचं असतं, म्हणून महाराज दोन तास उशिरा आले.

मग मोरानं स्वागतगीत म्हटलं. सात कडव्यांचं.

आजी पत्रावळीवर सावली धरायला पुढं सरकली. स्वयंसेवक लांडगा म्हणाला, "ओ आजी, खाली बसा! मागच्यांना काटेच दिसतायत." आजी व्यासपीठाला अगदी खेटून खाली बसली. तिथून तिची सावली पोचत नव्हती.

मग भाषणं. पहिला वक्ता म्हणाला, मी फार वेळ घेणार नाही. दुसरा म्हणाला, पहिल्यानं सगळं सांगितलंच आहे, तरी मी ते थोडक्यात पुन्हा सांगतो. तिसऱ्याला वाटलं की हा रानडुकराचा वाढदिवस आहे. तो रानडुकराबद्दल अर्धा तास फार प्रेमानं बोलला. रानडुक्कर रडलं.

पांढरी बुरशी आधी पिवळसर झाली. मग करडी. लगद्याला भेगा पडल्या.

शाल पांघरली तेव्हा क्षणभर सावली झाली. पण हार घालायचा म्हणून शाल लगेच काढली आणि घडी करून बाजूला ठेवली.

"आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत," कोल्हा म्हणाला.

सगळे शांत झाले. माळावर ऊन नुसतं उभं होतं. पत्रावळीवरून काहीच आवाज आला नाही.

"बघा!" कोल्ह्यानं डोळे पुसले. "बघा ही नम्रता! नाहीतर आपण!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

आभार सगळ्यात शेवटी होते, म्हणून दगडूमामाची पाळी सगळ्यात शेवटी आली. त्यानं रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. तो व्यासपीठावर चढला. पत्रावळीसमोर उभा राहिला. एकही वाक्य आठवेना. मग त्यानं मान खूप खाली घातली, अगदी पत्रावळीजवळ नेली, आणि म्हणाला,

"फार उपकार झाले."

गव्याचा श्वास मोठा असतो, मुलांनो. आणि पत्रावळीवर आता नुसती पूड उरली होती. ती उडाली. कुणाच्या डोळ्यांत गेली, कुणाच्या नाकात. समोर बसलेली साळूआजी तर अंगभर भुरकट झाली.

मामा रिकाम्या पत्रावळीकडे बघत राहिला. लोकांना वाटलं, भारावून गेलाय.

दोन दिवसांनी साठवलेली शेवटची वाटी रिकामी झाली. इंजिन टुक म्हणालं, थोडा विचार केला, आणि गप्प झालं. आजीनं चुन्याच्या ओंडक्यात लगदा भरला. तो आंबट झाला, मग नुसताच नासला.

समितीनं नव्या बुरशीसाठी अर्ज मागवले. एक हिरवी बुरशी आली. तिची ओळख थेट गुहेपर्यंत होती. तिची लगेच नेमणूक झाली. तिनं सगळा लगदा कडू करून ठेवला आणि महाराजांच्या गुहेच्या भिंतीवर बदली मागून घेतली.

कुंडीचा तळ दिसायला लागला. हरणांची पिल्लं कुंडीच्या कडेला नाक लावून उभी राहिली.

दगडूमामाला कुणी बोलावलं नाही. तो आपण होऊन आला. खांद्यावरच्या साळुंकीला म्हणाला, "ऊठ ग बाई," आणि जुवात मान घातली. पहिल्याच फेरीत खपली निघाली. रहाट पुन्हा करकरायला लागला.

चार दिवस साळूआजी बिळाबाहेर आली नाही. पाचव्या दिवशी सकाळी आली ती लगबगीनं. मामा फिरत होता. तीही त्याच्या बाजूनं गोल गोल चालायला लागली.

"आजी, माझ्यामुळे झालं सगळं," मामा म्हणाला. "आभार मानायला नको होते मी."

"गप. माझ्या पाठीकडे बघ. शेपटाजवळ."

"काटे आहेत."

"नीट बघ."

मामानं चालता चालता नीट बघितलं. आजी ज्या काट्यांनी लगदा ढवळायची, त्यांच्यावर थोडा लगदा सुकून चिकटला होता. बिळातल्या ओलीनं तो पुन्हा मऊ झाला होता. आणि एका काट्याच्या टोकावर, म्हाताऱ्याच्या गालावर असावी तशी, पांढरी लव होती.

"तुझ्या फुंकरीनं आली," आजी म्हणाली.

मामाचे पाय थांबायला लागले.

"थांबू नकोस! लोक बघतील. दहा दिवस काढ. दुसरा ओंडका बघून ठेवलाय. कोंडाबाई मडकं घेऊन पुढं गेलीय."

"आणि इंजिन चाललं की? कसं चाललं म्हणून विचारतील ना सगळे."

"सांगायचं, महाराजांच्या पुण्याईनं चाललं. त्यावर कुणी पुढं विचारत नाही."

"आणि तिचे आभार?"

"मनात मान," आजी म्हणाली. "नाकानं मानू नकोस."

तेवढ्यात कोल्हा आला. बगलेत झाडाच्या सालीवर लिहिलेलं लांब भेंडोळं होतं.

"आजी, बरं झालं भेटलात! बुरशीच्या स्मारकाची समिती केलीय. पूर्णाकृती पुतळा. तुम्ही सल्लागार." मग त्यानं आजीकडे जरा निरखून पाहिलं. "फार दिवसांनी हसताना दिसताय. काही सापडलं का? नवी बुरशीबिरशी? सापडली तर आधी आम्हाला कळवा हं. या वेळी सत्कार मोठा करू. महाराजांनी पूर्ण दिवस द्यायचं कबूल केलंय."

दगडूमामा मान खाली घालून फिरत राहिला. रहाट करकरत राहिला.

आजीनं कोल्ह्याकडे पाहिलं. एकदा अंग झाडलं. सगळे काटे खळखळून ताठ उभे राहिले. इतके काटे की त्यात एक काटा वेगळा आहे हे फक्त ठाऊक असलेल्यालाच दिसावं. मग ती वळली आणि ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीकडे, जिथं ऊन कधीच पोचत नाही तिकडे चालती झाली.

तात्पर्य: लहानांनी केलेले उपकार मोठ्यांनी वेळच्या वेळी विसरून जावेत. आठवलेच, तर निदान सावलीत आठवावेत.